तिसरी हाक

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर वाचतो आणि बायकोला, मेधाला म्हणतो, "घे, आणखी एकाला अपचन झालं." आता मीच लिहायला बसलोय. तिनेच सांगितलं होतं, लिहून टाका एकदाचं, डोक्यातून जाईल. जाईल असं मला वाटत नाही. पण लिहितो.

९८ सालची गोष्ट. आम्ही भाईंदर पूर्वेला राहायचो, केबिन रोडच्या आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. वन रूम किचन… मी, मेधा आणि माझी आई. मूळचे आम्ही लांज्याकडचे, मग गिरगावची खोली, ती विकून इथे आलो. हाटकेशला एका गुजराती शेठच्या युनिटमध्ये मी नोकरीला होतो. औषधाच्या बाटल्या भरायची मशिन आम्ही बनवायचो.

आईबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एक म्हणजे तिची हाकेची भानगड. आमच्या गावाकडे लहानपणापासून बजावलेलं असतं, की एका हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतोच, आणि तिसरी आली नाही तर ती हाक माणसाची नव्हती. बहुतेक लोक हे गाव सोडलं की विसरतात. आई भाईंदरला येऊनही विसरली नाही. गॅसवाला खालून एकदाच "सिलिंडर!" ओरडायचा, ही वर ढिम्म. तो बिचारा जिने चढायचे वाचले म्हणून खूश होऊन निघून जायचा आणि आम्ही पुढचे कित्येक दिवस स्टोव्हवर. मी चिडायचो. पण गंमत म्हणजे सवय मलाही लागलेली. आणि ती स्वतः कुणाला बोलवायची तेव्हा तीनदाच. "विलास… विलास… विलास…" एका सुरात, मी समोर उभा असलो तरी.

दुसरी गोष्ट म्हणजे तिची भीती. माझे वडील गिरगावच्या खोलीत दुपारचे एकटेच गेले. आई तेव्हा रेशनच्या रांगेत होती. परत आली तेव्हा सगळं संपलेलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेवढंच… मरणाचं काही नाही रे, पण एकटीने नको. त्यात ब्लड प्रेशर वाढलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना एकटं ठेवू नका.

अशात शेठने मला व्हिएतनामला पाठवायचं ठरवलं. तिथे आमचं मशिन गेलं होतं आणि ते लावून, चालवून दाखवायचं होतं. माझ्याबरोबर भाईंदरजवळच्या डोंगरीचा मिंगेल, आमचा फिटर आणि माझा जुना दोस्त. नाही म्हटलं तर नोकरीवर बेतणार. आईने माझे बनियन घडी करून बॅगेत भरले आणि म्हणाली, "मी असेन ना रे, तू येशील तेव्हा?" मी बॅगेची चेन ओढत होतो. म्हटलं, "तू नुसती हाक मार गं. असेन तिथून येतो." ती हसली. मग म्हणाली, तिथे एखादं देऊळ असलं तर माझ्या नावाने एक प्रदक्षिणा घाल. म्हटलं, तिथे बुद्धाची देवळं असतात. म्हणाली, मग काय झालं, देव तो देव.

बाक निन्ह नावाचा प्रांत आहे, हनोईपासून तासाभराच्या रस्त्यावर. तिथे आमचं मशिन घेतलेली कंपनी. मशिनने छळलं नुसतं. बाटल्या कलंडायच्या, झाकणं वाकडी बसायची, आणि पंधरा दिवसांचं काम लांबत गेलं. शेवटी एकदाचं ते सुरळीत झालं, आणि निघायच्या आदल्या दिवशी आमची दुभाषी, लान नावाची चुणचुणीत मुलगी, म्हणाली की तुम्ही भारतातले, आमची जुनी देवळं बघितल्याशिवाय जाऊ नका. या प्रांतात ती पावलोपावली आहेत म्हणे. मला आईची प्रदक्षिणा आठवली.

दोन देवळं पाहून झाली. भातशेती, बदकांचे थवे, मधे विटांची कमान आणि आत काळसर लाकडी देऊळ. एका देवळात तर देवापुढे चक्क विड्याची पानं आणि सुपारी. दारातल्या म्हाताऱ्या पान खाऊन लाल तोंडाने हसत होत्या, मला एकदम गावच्या बायकाच वाटल्या. तिसरं देऊळ सगळ्यात जुनं. फार पूर्वी भारतातून एक भिक्षू इथे येऊन राहिला होता, असं लान सांगत होती. मी मात्र बाहेरच्या कमानीशीच बूट-मोजे काढले. लान हसायला लागली. इथे लोक अगदी आतल्या उंबऱ्यापर्यंत चपला घालून जातात. म्हटलं, असू दे बाई, आमची सवय.

मुख्य गाभाऱ्याच्या भोवती लांब पडवी होती. कौलारू, बुटकी, दोन्ही अंगांना भिंत, आणि एका भिंतीला लागून ओळीने बसलेले माणसाएवढे पुतळे… बुद्धाचे शिष्य. मी पुढे उदबत्त्या लावल्या आणि लानला सांगितलं, मी एक फेरी मारून येतो. ती म्हणाली, अशी पूर्ण फेरी इथे कोणी घालत नाही, लोक बाजूने जातात आणि तसेच परत येतात. पण तिने अडवलं नाही. ती तिथल्या भिक्षुणीशी बोलायला गेली. मिंगेल म्हणाला, जा तू, मी सावलीत बसतो. तो गळ्यात क्रॉस घालणारा माणूस, त्याला कशाला आग्रह करायचा?

देव उजव्या हाताला ठेवून मी निघालो. मनात आईचं नाव घेतलं. एक पुतळा लक्षात राहिला. हाडकुळा म्हातारा, गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेला, पायाशी कोणीतरी संत्रं ठेवलेलं. कोपरा वळलो, मागची बाजू, परत कोपरा… आणि समोर तोच म्हातारा, तेच संत्रं.

म्हटलं, झाली फेरी. पण मग पुढचं अंगण कुठेय? उदबत्त्या कुठेयत? वाटलं, पुतळे बघण्याच्या नादात दार मागे राहिलं असेल. परत निघालो. परत म्हातारा. उलट फिरून पाहिलं, तरी म्हातारा. खिशातला रुमाल काढून मी त्याच्याशेजारच्या खांबाला बांधला आणि मोजून-मापून, एका हाताने भिंत चाचपत गेलो. दार नाही, खिडकी नाही, आणि परत रुमाल.

आधी मला राग आला. देवळाचा, शेठचा, त्या मशिनचा. मग घाम फुटला. जोरात चालायला लागलो, नंतर पळायलाच. पायांची आग होत होती. आमच्याकडे याला चकवा म्हणतात. रानात माणूस त्याच त्या जागी फिरत राहतो. त्यावरचा उपायही मला पाठ होता, पायातलं काढून उलटसुलट घालायचं. आणि माझे बूट बाहेरच्या कमानीशी! मला तशातही हसू आलं. आणि मग हसू आवरेना, तेव्हा मात्र मी खरा घाबरलो. वाटलं, संपलं, आता इथून सुटका नाही. उद्याचं विमान जाणार, आणि तिकडे आई वाट बघत बसणार.

मी म्हाताऱ्यासमोर भिंतीला टेकलो. आणि भिंतीच्या पलीकडून आवाज आला… पत्र्याचे ड्रम फरशीवरून ओढत नेल्याचा. खाली टँकरचा हॉर्न. जिन्यावर बायकांचा गलका. भाईंदरला राहिलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. पाण्याचा टँकर आल्यावरचा आमच्या बिल्डिंगचा आवाज. त्यामागोमाग बामचा वास. आई कपाळाला लावायची तो.

मग अगदी कानाशी, भिंतीपलीकडून, आईची हाक.

"विलास…"

ओ घशाशी आली होती. मी तोंड मिटलं. का मिटलं? सवयीने. भीतीने. तिनेच शिकवलं होतं म्हणून.

"विलास…"

दोन्ही तळवे भिंतीला लावून मी उभा राहिलो. म्हटलं, आता तिसरी येईल. आई असेल तर तिसरी येणारच. आयुष्यात तिने कधी दोन हाकांवर सोडलं नव्हतं. मी श्वास धरून वाट बघत राहिलो, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. ड्रमचा आवाज थांबला. बामचा वास गेला. तिसरी हाक काही आली नाही.

मग मिंगेलच्या हाका ऐकू आल्या. एकामागून एक, न थांबता, शिव्यांसकट. मी ओरडून ओ दिली आणि मान वळवली… तर अंगणाचं दार माझ्या उजव्या हाताला. म्हाताऱ्याच्या शेजारच्या खांबाला माझा रुमाल बांधलेला आणि त्या खांबाला लागूनच दार. दारात मिंगेल.

"अरे, दारातच उभा हायस आणि ओ देत न्हायस? काय झालंय तुला?"

म्हटलं, किती वेळ गेला? तो म्हणाला, कसला वेळ, आताच तर गेलास. मी लावलेल्या उदबत्त्या अर्ध्याही जळल्या नव्हत्या. पण माझे तळपाय काळेठिक्कर आणि फोडांनी भरलेले. मिंगेलने बाटलीतलं पाणी ओतून ते धुतले. हॉटेलपर्यंत तो गळ्यातला क्रॉस मुठीत धरून बसला.

हॉटेलवर शेठचा फॅक्स येऊन पडला होता. आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, लगेच निघ.

बँकॉकमार्गे मी परतलो आणि तडक हॉस्पिटलमध्ये गेलो. आई जिवंत होती. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. माझ्याकडे बघत होती नुसती.

मेधाने रडत रडत सांगितलं. टँकर आला म्हणून ती बाहेरून कडी लावून खाली गेली. आई झोपलेली. रांग लांबली. वर आली तेव्हा आईचं तोंड वाकडं झालेलं, पण डोळे उघडे. आणि ते डोळे फिरत होते. पायथ्यापासून दाराच्या बाजूने उशाशी, मग भिंतीकडे, परत पायथ्याशी… जसं काही कॉटभोवती कोणी चालत होतं आणि आई त्याला बघत होती. आमची कॉट भिंतीला चिकटवून ठेवलेली. त्या बाजूला माणूस सोडा, केरसुणीही जात नव्हती.

त्या भिंतीपलीकडे कोकिलाबेन राहायच्या. आईची घट्ट मैत्रीण. आठवड्याने त्या खिचडीचा डबा घेऊन आल्या, पण माझ्याकडे बघेनात. डबा ठेवला आणि एकदम रडायलाच लागल्या.

"मैं तो समझी तुम आ गया, विलासभाई. बा ने दो बार आवाज दिया, विलास, विलास. और कोई चलता था, नंगे पाँव, दीवार के पास से, गोल-गोल. मेरे को लगा बेटा आया है, माँ-बेटा को बैठने दो. नहीं तो मैं आती थी ना… भगवान की कसम, आती थी."

मी विचारलं, कधी? म्हणाल्या, टँकर आया था तब. तिथली आणि इथली घड्याळं दीड तासाच्या फरकाने. मी हिशेब केला, वेळ जुळली. न करता राहवलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणजे माझ्याच पावलांमुळे कोकिलाबेन आल्या नाहीत. आणि मी तिथे असूनही ओ दिली नाही. तिसरी हाक का आली नाही, ते डॉक्टरांनी सांगितलं… वाचा त्याच वेळी गेली असणार. आई तिसरी हाक मारायला निघाली होती आणि हाक तिच्यातच अडकली.

आई त्यानंतर दोन वर्षं जगली. सगळं समजायचं, बोलता येत नव्हतं. अशा माणसाच्या डोळ्यांत बघणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी कामावरून आलो की दारातूनच म्हणायचो, "ओ… आलो गं." रोज. ती डावा हात थोडासा उचलायची. शेवटी गेली तेव्हा मी तिचा तोच हात धरून बसलो होतो. एकटीने गेली नाही, एवढं एक.

डॉक्टर मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, उन्हाने चक्कर आली असेल, बाकी योगायोग. असेलही. मग माझ्या पायांना फोड कशाने आले, आणि कोकिलाबेनने कोणाची पावलं ऐकली, हे त्यालाही सांगता येत नाही. मला तर मुळीच येत नाही. इतकी वर्षं झाली, अजून डोळे मिटले की मी त्याच पडवीत असतो, भिंतीला तळवे लावून.

एवढंच बदललंय की आता मी पहिल्या हाकेला ओ देतो. कोणाच्याही. खाली भाजीवाला ओरडला तरी, शेजारी कोणी आपल्या विलासला बोलावलं तरी, आणि कधीकधी कोणीच बोलावलेलं नसलं तरी. मुलं हसतात, बाबांचे कान गेले म्हणतात. मेधा हसत नाही.