चौसष्टमधला आधीचा चार

माझा स्वभाव तापट. माणसांसमोर आवरतो, पण मशीनसमोर कशाला आवरायचा, असं मला वाटायचं. बऱ्हाणपुरात राजपुऱ्यातलं आमचं ऑफिस म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली, एक कूलर आणि आम्ही दोघं, मी आणि ताई. ताई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. आधी मराठी शाळेत दुसरीला शिकवायच्या. मग संगणक शिकल्या, आणि मी डिग्री मिरवत आलो तेव्हा त्या निवांतपणे ड्रायव्हर लिहीत होत्या. ड्रायव्हर म्हणजे गाडीवरचा नव्हे. नेटवर्क कार्ड आणि प्रोसेसर यांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणणारा प्रोग्रॅम. नातेवाइकांना हे समजावताना मी वैतागायचो.

आमचा डबा केळीच्या बागेत बसतो, जमिनीची ओल मोजतो आणि वायरीवरून पंपघराला कळवतो. देडतलाईकडच्या बागांत असे बरेच डबे लागलेले होते. त्यांतला प्रोसेसर बनायचाच बंद झाला. नव्या डब्यात कार्ड तेच, प्रोसेसर मात्र वेगळ्या घराण्याचा. इंदूरच्या साहेबांनी फोनवर सांगून टाकलं, की जुन्या आणि नव्या डब्यांवर एकच ड्रायव्हर शनिवारपर्यंत चालवून दाखवा, नाहीतर बऱ्हाणपूरचं ऑफिस बंद करू आणि तुम्ही दोघं इंदूरला या.

मला इंदूरचं काही वावडं नव्हतं. प्रश्न ताईंचा होता. ऑफिसमागच्या गल्लीत त्या आईबरोबर राहतात. त्यांच्या आईला मी मावशी म्हणतो; मावशींना दिसत नाही. पण त्या घरात भिंतीला हात लावून त्या सगळीकडे फिरतात, मी गेलो की चहासुद्धा करतात. "नव्या घरात तिला खुर्चीत बसवूनच ठेवावं लागेल," ताई एवढंच म्हणाल्या होत्या.

ड्रायव्हर माझा होता आणि मला त्याचा भारी गर्व होता. नव्या डब्यावर त्यानं माझी लाज काढली. चौसष्ट बाइटचा निरोप आला, की हा म्हणायचा सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी बाइट आले, आणि एवढं मोठं कसं घेऊ म्हणून तो फेकून द्यायचा. मी कार्डाला शिव्या दिल्या, वायरीला दिल्या. ताईंनी तो आकडा पाहिला आणि त्या हसल्या.

"अरे भाऊ, हे तर माझ्या दुसरीतलं पोरगं आहे!"

त्यांनी चौकटीची वही ओढली. "चौसष्ट. बोलताना आधी चार, मग साठ. लिहिताना आधी सहा. पोरं कानानं ऐकतात तसंच लिहून टाकतात, मग होतं सेहेचाळीस. मी म्हणायची, आधी एक घर सोड, चार लिही, मग मागं येऊन सहा लिही. तुझं कार्ड बोलून राहिलं, लहान भाग आधी. जुना प्रोसेसर बी तसाच ऐकायचा, म्हणून तुझी चूक झाकली गेली. हा नवा मोठा भाग आधी धरतो."

एवढं कळल्यावर मला जोर चढला. जिथे जिथे संख्या, तिथे मी उलटापालट केली. नवा डबा बोलायला लागला आणि जुना मुका झाला. मग मी अटी घातल्या, प्रोसेसर नवा असेल तर असं, जुना असेल तर तसं. दोन्ही डबे चालले. मी जेवून आलो तर ताईंनी माझ्या सगळ्या अटी पुसून टाकलेल्या.

"ताई, चालत होतं ना!" मी ओरडलोच.

"दोन घरांत चालत होतं. तिसरं आलं तर पुन्हा दारोदार विचारत फिरशील का?"

मी त्यांचं काम वाचायला घेतलं. प्रोसेसर कोणता, हे त्यांनी कुठेच विचारलं नव्हतं. कार्डाकडून येणारी प्रत्येक संख्या एकाच छोट्या फंक्शनमधून जात होती. पहिला बाइट जसाच्या तसा, दुसरा दोनशे छपन्ननं गुणायचा, दोघांची बेरीज. बस. बेरीज-गुणाकार तर सगळे प्रोसेसर सारखेच करतात. ही एकं-दहंची दुसरीतली शिकवणी होती, आणि ती मला माझ्या अख्ख्या डिग्रीत सुचली नव्हती. मला त्यांचा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त अभिमान.

शनिवारी सकाळी साहेब आले. दोन्ही डबे चालताना त्यांनी पाहिले, मान हलवली आणि बॅगेतून तिसराच बोर्ड काढला. "इस पे भी चला के दिखाइए." तो प्रोसेसर आम्ही कधी पाहिलासुद्धा नव्हता. ताईंनी पदर खोचला, त्या बोर्डासाठी ड्रायव्हर नव्यानं कंपाइल केला, म्हणजे त्याच्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवून घेतला, आणि निरोप सोडला. एक ओळ बदलली नाही. पडद्यावर चौसष्ट आले. साहेबांनी तीनदा करून पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "ठीक है, आप यहीं रहिए."

मी मावा जिलेबी घेतली आणि ताईंच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो. मावशी खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, दोन्ही हात अंगाशी धरून. आजूबाजूला भिंत नव्हती. गुडघा फुटलेला, त्यावर हळद लावलेली.

"आई, हे काय करून राहिली?"

"काही नाही गं. इंदूरच्या भिंती मला कुठं ठाऊक आहेत? म्हणून बिनभिंतीचं चालून पाहून राहिली. आठ दिवस झाले. तुला तरास नको."

ताई त्यांच्या गुडघ्यापाशी खाली बसल्या. मीच सांगितलं, "मावशी, कुठं जायचं नाही. इथंच राहायचं."

हात लांब करून मावशी चार पावलं चाचपडत गेल्या आणि त्यांनी तळवा भिंतीवर टेकवला. "बस बाळा," म्हणाल्या, "चहा ठेवते." मला रडू आलं. त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून मी डोळे पुसले नाहीत.