जाळी कोणी बसवली

आमचं गॅरेज परतवाड्याला, घराच्या पुढच्या अंगणात, पत्र्याखाली आहे. माहेरी भाजीपाल्याची वाडी होती आणि माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा मला पान्याचे नंबरही वाचता येत नव्हते. यांनीच एकेक शिकवलं. उघडलेल्या इंजिनाचे सुटे भाग डिझेलच्या परातीत धुवायचे, पुसायचे, कापडावर ओळीनं मांडायचे आणि बारीक भाग परत बसवायचे, हे हळूहळू माझं काम झालं. लोकांसमोर मी बोलत नसे. हे मात्र गिऱ्हाइकांना सांगायचे, "इच्या बोटाले जे जमते थे माह्या बोटाले नाई जमत." मी मान खाली घालायची, पण ते शब्द मला दिवसभर पुरायचे.

एक गाडीवाले भाऊ परतवाड्याहून घाटातल्या जंगलात, सेमाडोहला, पाहुणे नेतात. त्यांची छोटी गाडी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडायच्या कामाला आली होती. इंजिनात कॅम नावाचा, उंचवटे असलेला लोखंडी दांडा असतो. तो फिरला की हवेच्या झडपा उघडतात आणि मिटतात. नव्या गाड्यांत झडप केव्हा उघडायची ती वेळ गाडी स्वतः मागेपुढे करते. चढावर वेगळी, सपाट सडकेवर वेगळी. गॅरेजात त्याला व्हीव्हीटी म्हणतात. हे सगळं तेलाच्या दाबावर चालतं, आणि ते तेल एका बारीक जाळीतून गाळून येतं. जाळी करंगळीच्या पेराएवढी असते. ती धुणं आणि बसवणं माझ्याकडे होतं.

त्या दिवशी जाळी परातीत भिजत होती आणि तेल्हाऱ्याहून नणंद अचानक आली. मी परात तशीच उचलून मागच्या पिंपात ओतली आणि चहा टाकायला आत गेले. संध्याकाळी कापडावरचं सगळं बसवलं. जाळीची आठवणसुद्धा झाली नाही.

आठ दिवसांनी भाऊ परत आले. समोरचा पिवळा दिवा लागलेला, आणि गाडी चढावर ओढत नव्हती. यांनी तेलाचा वॉल्व काढला तर त्यात कचरा अडकलेला. समोर भाऊ होते, टायरवाले होते, अजून एक जण होता. यांनी हात पुसत विचारलं,

"जाळी बसवली होती न वं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हणाले.

यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. माझ्यावर भरवसा होता म्हणून जाळीचा बोल्ट उघडूनही पाहिला नाही. वॉल्व साफ करून दिला. दुपारी मी पिंपाच्या तळाचा गाळ हातानं चाळला. जाळी सापडली. धुऊन मी ती बटणांच्या डब्यात टाकली. उद्या सांगू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही, तिसऱ्याही नाही. पुढच्या आठवड्यात वॉल्व पुन्हा जाम झाला, आणि हे चिडले.

"हे वेळ बदलवाचे नखरे पाह्यजेतच कायले? रेसचा कॅम टाकतो. झडपा जास्त उघडतीन, गाडी पयनच."

अकोल्याला एक काका कॅमचे उंचवटे हवे तसे घासून देतात. यांनी भंगारातून तसाच एक कॅम मिळवला होता, तो घासायला द्यायचा म्हणून फोन लावला. फोन मोठ्यानं चालू होता आणि मी परातीजवळ बसले होते.

"घाटाची गाडी हाये न?" काका म्हणाले. "मंग नोको टाकू बावा. हा कॅम सडकेवर पयते, चढावर नाई. पह्यले तेलाचा रस्ता पाय. जाळी पाय."

"जाळी धुऊन बसवली हाये काका. नवीनसारखी हाये."

"तुही मर्जी. सांगाचं काम माहं."

मला त्यांचं म्हणणं सगळ्यांच्या आधी समजलं होतं. वाडीत मी भाजीला पाणी द्यायचं, ओलिताचं काम केलेलं आहे. मोटरपंपाचं पाणी जोरात असलं तर वाफ्याचं तोंड मोठं करावं. पाणी बारीक असलं आणि तोंड मोठं ठेवलं, तर ते तिथंच मुरतं, वाफ्याच्या टोकाला पोचत नाही. चढावर इंजिन हळू फिरतं, तेव्हा हवा बारीक पाण्यासारखी असते. रेसचा कॅम म्हणजे कायमचं मोठं तोंड. हे सगळं माझ्या डोक्यात त्याच क्षणी आलं, आणि डबा दहा पावलांवर होता. मी परातीतला ब्रश घासत राहिले.

कॅम अकोल्याहून घासून आला आणि बसला. वेळ बदलणारी चकती यांनी पिन मारून जाम केली. गाडी उभ्या उभ्या धडधडू लागली.

"वयनी, वाघ गुरगुरते का गाडी?" भाऊ हसले. "आता सेमाडोहात वाघच आयकून पयतीन!"

अकोटकडच्या सपाट सडकेवर गाडी खरंच पळाली म्हणे. पण चार पाहुणे बसवून घाटात गेली तर वळणावळणावर दम टाकू लागली. दोनदा पाहुणे उतरले आणि त्यांनी गाडी ढकलली. सफारीची वेळ चुकली. जिथले पाहुणे होते त्या लॉजवाल्यानं भाऊंना बोलावणं बंद केलं. भाऊ जीपच्या थांब्यावर सगळ्यांना सांगू लागले की अकोल्याच्या माणसानं फसवलं. यांनीही तेच म्हटलं, "कॅमच वाकडा घासला त्यानं."

हे बोलणं अकोल्यापर्यंत गेलं. काका फोनवर भांडले नाहीत. एस.टी.नं आले, अकोटला गाडी बदलून. सोबत पिशवीत मोजायचं गेज होतं. यांना कॅम काढायला लावला, खाटेवर कापड अंथरलं आणि प्रत्येक उंचवटा दोनदा मोजला. भाऊही उभे होते. मी चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही.

"पाय. तूच पाय गेजवर," ते यांना म्हणाले. "बराबर हाये का नाई?"

यांनी गेजवरचा आकडा वाचला आणि मान डोलावली. काकांनी कॅम कापडात गुंडाळून पिशवीत टाकला. "तीस वर्सं झाले घासून राह्यलो. असं कोनी म्हनलं नोतं," एवढं बोलले आणि थांब्याकडे चालू लागले.

त्यांच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, त्यात तार घातली होती. ते फाटकातून बाहेर जाईपर्यंत मी पाहत होते. मग आत गेले, डबा आणला आणि जाळी खाटेवरच्या त्या कापडाच्या जागी ठेवली.

"म्या बसवलीच नोती," मी म्हणाले.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. यांनी जाळी बोटावर घेतली, फुंकर मारली, उजेडाकडे धरली. "मी विचारलं होतं तुले," म्हणाले. आवाज अगदी लहान होता.

भाऊ खाली बसले. "वयनी, त्या मानसाले मी थांब्यावर चोर म्हनलो. पन्नास जनाईसमोर."

हे आणि भाऊ, दोघंही काकांमागे धावले. एस.टी. सुटली होती. परत येऊन यांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तू बोल."

मी आयुष्यात परक्या माणसाशी फोनवर बोलले नव्हते. जाळी माझ्याकडून हरवली, कॅममध्ये काही खोट नव्हती, हे कसंबसं सांगितलं. एस.टी.चा खडखडाट ऐकू येत होता.

"जाळी हारपते, पोरी. माह्याकडूनबी हारपली हाये," काका म्हणाले. "पन मी फोनवर जाळी पाय म्हनत होतो, तवा तू तथीच होती का?"

"होती."

"मंग," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

जुना कॅम परत बसला, पिन निघाली, जाळी यांनी स्वतः बसवली. गाडी आता घाट चढते. भाऊंनी थांब्यावर सगळ्यांना खरं सांगितलं, माझं नाव न घेता. लॉजवाल्यानं अजून बोलावलं नाही.

भाग धुवायचं काम माझ्याकडेच आहे. फक्त मी जाळी बसवली की हे टॉर्च घेऊन येतात आणि वाकून भोकात पाहतात. मी बाजूला सरकून उजेडाची जागा करून देते.