जाळीचा स्कार्फ आणि आपांचा मंगळवार

आमच्या विणकामाच्या क्लासात सहा महिन्यांत स्कार्फ निघाले तीन, किस्से पोतंभर. लोकर दुकानातून आणावी लागते, किस्से मात्र फुकट घरपोच येतात.

अमरावतीत शबाना आपांच्या घरी दर मंगळवारी दुपारी आम्ही जमतो. आपा रिटायर्ड शिवणटीचर. शिकणाऱ्या तिघी : बँकेतली वैशाली, फुलांचा धंदा करणाऱ्या कमलकाकू आणि मी. पहिला धडा हलक्या जाळीच्या स्कार्फचा.

"एकदम सोपं हाय," आपा म्हणाल्या. "धागा पुढे घेतला की भोक पडते. मंग दोनचा एक टाका करायचा, की गिनती बराबर."

काकूंनी आपलं विणकाम उजेडात धरलं. "भोकं तं मले पहिलेपासूनच जमून राहिले, आपा. बाकीचं शिकवा."

* * *

सगळ्यांत आधी वैशालीचा स्कार्फ पुरा झाला. भर मे महिन्यात तोच तोंडाला बांधून ती स्कूटीवर तिवस्याच्या ब्रँचला गेली. तिथे स्कार्फ सोडला, तर दोन्ही गालांवर उन्हानं जाळी छापलेली.

मॅनेजरांनी विचारलं, "मॅडम, गालावर मेंदी काढली का?"

मंगळवारी ती रडवेली होऊन आपांकडे आली. आपांनी चष्मा लावला, तिची हनुवटी धरून गाल खिडकीकडे वळवला आणि म्हणाल्या, "तिसऱ्या लायनीत एक टाका चुकला."

* * *

कमलकाकू एकदा बसनं अकोल्याला निघाल्या. विणकाम मांडीवर, आणि चुकू नये म्हणून तोंडानं चालू : "धागा पुढे, दोनचा एक. धागा पुढे, दोनचा एक."

शेजारच्या बाईंनी बडनेऱ्यापर्यंत ऐकून घेतलं. मग हात जोडून विचारलं, "कोन्या महाराजाचा जप हाय जी?"

काकू मान वर न करता म्हणाल्या, "शबाना आपाचा."

मूर्तिजापूरपर्यंत दोघी मिळून म्हणत गेल्या.

* * *

काकू अकोल्याला निघाल्या होत्या धाकट्या बहिणीकडे, सिंधूताईंकडे. एका लग्नात हळदीला आधी कोणाला बोलावलं यावरून दोघींचं नऊ वर्षं बोलणं बंद. पण सिंधूताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झाल्याचं काकूंना कळलं, आणि व्रण झाकायला हलकं काहीतरी हवं म्हणून त्यांनी स्कार्फ विणायला घेतला होता.

तो मंगळवार होता. क्लासात आम्ही दोघीच. चारच्या सुमाराला आपांचा फोन वाजला. आपांनी स्पीकर लावला.

"आपा, शेवटी टाके बंद कसे करतेत? मी तं अकोला आलं तशी सुई काढून घेतली. सिंधूनं टोक ओढून पायलं, अन् सारं उसवून राहिलं."

"टाके धरले कोणी?"

"सिंधूनं. दोन्ही हातानं धरून बसली हाय."

"बोलली का तुमच्याशी?"

काकू बोलायच्या आतच मागून दुसरा आवाज आला. "ताई, बोलत काहून बसली? मले हात हलवता येत नाही. माझा चष्मा दे आधी, अन् च्या उतू चालला थो पाय."

आपांनी आमच्याकडे पाहिलं. टाके बंद करायचं काम दहा मिनिटांचं.

"कमलताई," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "याले लय टाइम लागते. आज मुक्कामच करावा लागन."