खोडामागचा संशयित

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. मागच्या अंगणात मी खाटेवर सांडगे घालत होते. भिंतीवरून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं, ओठांवर बोट.

"चूप! माझं झाड कोणीतरी ठोकून राहिलं."

काकूंचे यजमान दुर्गला रेल्वेत होते. ते वारल्यापासून काकू एकट्याच राहत आणि अर्ध्या भिलाईवर नजर ठेवत. दूधवाला पाणी घालतो, मीटरवाला जास्तीचं लिहितो. मी कोथिंबीर पाठवली तरी, "आज कावून आठवण आली?"

त्यांच्या वाळत चाललेल्या सिरसाची एक फांदी माझ्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आली होती. ती तोडा म्हटलं की त्यांना वाटे, मला लाकूड हवंय. त्या दिवशीही संशय माझ्यावरच. "तूच माणूस लावला असशीन, लाकूड पक्कं आहे का पाहाले."

हात धुऊन भिंतीशी गेले. सोनेरी पाठीचा सुतारपक्षी! तुम्हीही पाहिला असेल. मैनेहून मोठा, लाल तुरा, गळ्यावर काळंपांढरं. ताठ शेपूट खोडाला टेकवून उभाच चिकटतो, झटक्याझटक्याने वर सरकतो. आपण पाहिलं की खोडाला वळसा घालून पलीकडे जातो आणि कडेने डोकावतो.

या शेवटच्या सवयीने काकू पेटल्या. "पाह्य, लपला! काही केलं नसतं तं लपला कावून असता?"

"काकू, त्याची सवय आहे ती. शिकरा पक्षी झडप घालील म्हणून घाबरतो."

"चोराचीबी सवयच असते वं."

त्या रोज झाडाखाली खुर्ची टाकून बसू लागल्या. मादीही आली, कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके. काकूंनी तिचं नाव 'साथीदार' ठेवलं. खोडात भोक झालं, खाली लाकडाचा भुसा पडला. मग एक दिवस काकू भिंतीशी येऊन हळूच म्हणाल्या, "आत पिल्लं बोलून राहिली."

त्या दिवसापासून पक्षी निर्दोष आणि बाकी सगळे आरोपी. कावळे, मांजर, मी.

"तुझी मांजर आवर."

"माझी नाही ती."

"मंग तुझ्या घरी दूध कावून पेते?"

एवढ्यात मुलगा त्यांना नागपूरला न्यायला आला. गुडघ्याचं ऑपरेशन होतं. वादळात झाड पडेल म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी झाड तोडायला माणसं ठरवली. चुकीचं काही नव्हतं. काकू गाडीत बसता बसता मला म्हणाल्या, "पिल्लं उडत नाही तोवर खोडाले हात लावू देऊ नको. तुझ्यावर भरवसा नाही माझा. पण दुसरं आहे कोण?"

माणसं आली. मी मुलाला फोन करून त्याला पटवलं आणि फक्त पत्र्यावरची फांदी उतरवून घेतली. खोडाचं पिल्लं उडाल्यावर बघू, असं ठरलं. भोकाचा जवळून फोटो काढून काकूंना पाठवला.

लगेच फोन. "हा जुना असंन. झाड पाडलं तुमी, अन् मले फसवून राहिले."

"काकू, शपथ."

"शपथा सगळेच घेते. उद्या सकाळी मले ऑपरेशनले आत नेणार हायेत. खरं सांग."

दुसऱ्या दिवशी पेपर पडल्या पडल्या उचलला आणि भिंतीपलीकडे स्टुलावर चढले. भोकातून एक पिल्लू मान काढून ओरडत होतं. तारीख नीट वाचता येईल असा पेपर त्याच्या खाली खोडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला.