बरगडीखालचा खळगा

दिघ्याच्या चाळीत रखमा कुणाकडे बाळ बघायला निघाली की बायका आधीच हसायला लागत. टोपडं-झबलं ती कधी न्यायची नाही, बाळाचं नाक आईवर की बापावर असल्या गप्पांत पडायची नाही. आल्या आल्या खिडकी उघडायची. खोलीला खिडकी नसली तर दार उघडायची, आणि दारात कुणी म्हातारी बसलेली असली तर तिला उठवायची. "आली खिडकीवाली," बायका म्हणत. "आली. आता त्याचं टोपडं काढा आधी, घामेजलंय लेकरू," ही म्हणे. असं तोंडावर बोलणारी बाई कुणाला आवडते? पण बाळ खोकायला लागलं की त्याच बायका सगळ्यात आधी तिच्याच दारी धावत.

रखमा मूळची परभणीकडची. नवरा किसन ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत चिकटला, तशी ती डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत येऊन राहिली. बरोबर सासू मुक्ताबाई. दोघी सारख्याच हट्टी. किसन शहाणा माणूस, तो दोघींच्या मधे न पडता जादा पाळी घ्यायचा.

त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात त्यांचा दिलीप दहा महिन्यांचा होता. पावसाळा सरता सरता त्याला एकदा खोकला झाला होता. साधा नव्हे, कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा. डोस पाजायला वस्तीत येणाऱ्या सुमेधा सिस्टरांनी त्याला नीट पाहिलं होतं आणि रखमाला समोर बसवून बजावलं होतं. घशातली श्वासाची नळी सुजते, म्हणून हा असा आवाज. बाळाला रडवायचं नाही, आडवं दाबून निजवायचं नाही, उराशी उभं धरायचं, मोकळी हवा द्यायची, घोट घोट पाजत राहायचं. तोंडात बोट घालायचं नाही.

"रडताना घरघर आली तर त्याला आधी शांत कर," सिस्टर म्हणाल्या होत्या. "पण शांत असताना, झोपेत असताना श्वास आत घेतानाच आवाज यायला लागला, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, लाळ गळायला लागली, ओठ निळे दिसले, यातलं एक जरी झालं तरी कुणाला विचारत बसू नकोस. निघ. आणि एकदा निघालीस की अर्ध्या वाटेवरून परत फिरू नकोस."

त्या वेळी पोरगं आपसूक बरं झालं आणि सिस्टरांचं बोलणं मनात मागं पडलं. मनुष्यस्वभावच तो. गरज सरो, वैद्य मरो.

डिसेंबरात खोकला परत आला. दुपारी दिलीपचा आवाज बसला आणि चहाच्या वेळेला तो पुन्हा भुंकायला लागला. मुक्ताबाईंनी खिडकीत गोणपाट कोंबलं, दार लावून घेतलं आणि धुरीची शेगडी पुढं ओढली. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. या धुरीवर त्यांच्या गावातली कितीतरी लेकरं वाढली होती. आणि सासूला एकटीला दोष कशाला द्यायचा? निखारे फुलवले रखमानंच. त्या वासानं तिला माहेर आठवायचं, आपण लेकरासाठी काहीतरी करतोय असं वाटायचं. तिनं दिलीपला धुरावर धरलं.

पोरगं शेकून निघायच्या ऐवजी खोकून खोकून लाल झालं. मग रडायचं थांबलं. "बघ, निवांत झालं," मुक्ताबाई म्हणाल्या. रखमालाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिला आवाज ऐकू आला. बाळ रडत नव्हतं, खोकत नव्हतं, खांद्यावर मान टाकून पडलं होतं, आणि तरी दर श्वास करवतीसारखा कुरकुरत आत जात होता.

तिनं झबलं वर केलं. छाती खाली जिथं संपते तिथं, दर श्वासाला, बोट मावेल एवढा खळगा पडत होता.

तिनं पायानं शेगडी बाजूला सारली, खिडकीतलं गोणपाट ओढून काढलं आणि पदर खोचला.

"मी चालले ठाण्याला, मोठ्या दवाखान्यात."

मुक्ताबाई दारात आडव्या झाल्या. "या थंडीवाऱ्यात लेकरू काढतीस बाहीर? याड लागलं का तुला? पडजीभ पडली आसंल, मी बोटानं उचलते." त्यांनी हात पुढं केला. रखमानं त्यांचं मनगट धरलं. सासूचं मनगट धरायची ही तिची पहिलीच वेळ.

"बोट न्हाई घालायचं आत्या. सरका."

"माझा भगवान असाच गेला!" मुक्ताबाई ओरडल्या. "घरात हुता तवर हुता. तालुक्याला न्यायचा म्हनून गाडीत घातला, आन् नदीपाशी वाऱ्यानं नेला त्याला. म्या माझ्या हातानं नेला गं बाहीर! ह्याला न्हाई निऊ देनार."

किसनच्या पाठचा भगवान लहानपणीच गेला एवढं रखमाला ठाऊक होतं. कसा, ते सासूनं कधी सांगितलं नव्हतं. त्या माउलीची भीती खोटी नव्हती. पण खांद्यावरचा आवाजही खोटा नव्हता.

"आत्या, तुमी मला पुढं काय बी बोला, आयुष्यभर बोला," ती म्हणाली. "पन आता सरका." आणि खांद्यानं वाट काढून ती बाहेर पडली.

दिवेलागणीची वेळ होती. कंपन्यांची दुसरी पाळी सुरू होती, किसन आत अडकलेला, रिक्षाचा पत्ता नाही. रखमा मोठ्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एक मालाचा उघडा टेम्पो करकचून थांबला आणि ड्रायव्हरनं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "नंतर शिव्या दे भाऊ, लेकराला श्वास घेता येईना," ती म्हणाली. त्यानं बाळाकडं बघितलं आणि मुकाट्यानं मागची फळी पाडली. तेवढ्यात दुपटी नि कपड्यांचं बोचकं घेऊन, तोंडाचा पट्टा चालू ठेवून मुक्ताबाई मागून आल्या आणि त्याही चढल्या.

टेम्पो निघाला. गार वारा तोंडावर यायला लागला. रखमानं अंगावरचं दुपटं घट्ट ठेवलं, पण दिलीपचं तोंड उघडं ठेवलं. मुक्ताबाई ते झाकत, ही उघडं करी. कळवा येईपर्यंत नवलच झालं. घरघर हलकी झाली. दिलीपनं डोळे उघडले आणि आजीचं बोट पकडलं.

"उतरला गं!" मुक्ताबाईंना रडू कोसळलं. "थांबीव गाडी. आता घरी चल. तिथं सुया टोचून परत घाबरं करतील त्याला."

इथं मात्र रखमाचं मन डगमगलं. पोरगं हसत होतं. परत जाऊन ऊन ऊन दूध पाजावं, सासूची समजूत घालावी, झालं गेलं विसरावं. तिनं दुपट्याखाली हात घालून बरगड्यांवर ठेवला. खळगा उथळ झाला होता. गेला नव्हता.

"थांबवू नका हो," ती ड्रायव्हरला ओरडून म्हणाली. "सरळ दवाखान्यात."

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाला रखमाच्या मांडीवरच बसवून तपासलं, सुई दिली, नाकाशी प्राणवायूची नळी धरली आणि रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी दिलीप गाढ झोपला होता आणि त्याचा श्वास ऐकायला कान लावावा लागत होता. रखमाच्या जिवात जीव आला.

"वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गार हवेनं जरा उतार पडतो आणि लोक परत नेतात. मग घरी पुन्हा वाढतं, आणि यायला उशीर होतो."

त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. मुक्ताबाई बराच वेळ बोचक्याची गाठ चाचपत बसल्या. मग खालच्या मानेनं म्हणाल्या, "म्हंजी वाऱ्यानं न्हाई नेला माझ्या भगवानला?"

रखमानं दिलीपचं दुपटं सारखं केलं.

"तीन दीस धुरी दिली म्या. तीन दीस दार लावून बसले." म्हातारी म्हणाली. "गाडीत तर त्यानं डोळं उघडलं हुतं गं. माझ्याकडं बघितलं हुतं. ते वाऱ्यानं जरा मोकळं झालं हुतं व्हय? म्या म्हनलं, आता मरनाआधीचं बघतुया."

रखमानं सासूचं कालचंच मनगट पुन्हा हातात घेतलं.

"तुमाला कुनी सांगितलं नव्हतं आत्या," ती म्हणाली. "मला सांगितलं हुतं."

घरी आल्यावर त्या शेगडीवर पापड भाजले जाऊ लागले. रखमा खिडकीवाली झाली ती तेव्हापासून, आणि चाळीनं तिची थट्टा केली ती अगदी तिच्या तोंडावर. मुक्ताबाईंची थट्टा करायची मात्र कुणाची छाती नव्हती. कुणाच्या घरातून तो भुंकता खोकला ऐकू आला की म्हातारी काठी टेकत जायची, बाळाचं झबलं स्वतः वर करायची आणि बरगड्यांखाली टक लावून बघायची. खळगा दिसला की आईच्या हातात बोचकं द्यायची, तिच्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "निघ. म्या दारात आडवी न्हाई."