धम्मरत्नचा गाजलेला पेपर

धम्मरत्नने बरेच पेपर लिहिले, पण जगाने डोक्यावर घेतला तो एकच. बाकीचे वाचले असतील तर त्याच्या गाइडने, आणि तेही नाइलाजाने.

तो यवतमाळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. शेतकरी आत्महत्यांमुळे कापसाच्या गावांत जो तो काहीतरी शोधायला येत होता, त्या २००६ च्या सुमारास बोरी अरबजवळच्या त्याच्याच गावात एका संस्थेने माहिती केंद्र उघडलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत एक कॉम्प्युटर, त्यावर कापसाचे रोजचे भाव. धम्मरत्न पीएचडीसाठी दर शनिवारी जाऊन कोण येतं, काय विचारतं ते टिपून घ्यायचा. सुरुवातीला चिटपाखरूही नव्हतं. मग एकाएकी खोली भरू लागली. शेतकऱ्याला माहितीची सवय लागायला वेळ लागतो, पण लागली की सुटत नाही, असा त्याने सिद्धान्तच मांडला. मग काय, केनियापासून ब्राझीलपर्यंतचे संशोधक आपापल्या पेपरात त्याचा दाखला देऊ लागले. पाच वर्षांत दाखले दोनशेच्या वर गेले. पुढच्या महिन्यात प्रोफेसरपदाची मुलाखत होती आणि सारी भिस्त याच पेपरावर.

अशात ब्राझीलच्या एका बाईंनी केंद्र पाहायला येते म्हणून कळवलं. धम्मरत्न आधीच जाऊन बघतो तर खोलीला कुलूप. समोरच्या ओट्यावर रुखमाबाई तूर पाखडत होती.

"मावशी, केंद्र कवा बंद पडलं?"

"तुयी पीएचडी झाली, मंग कोन कायले येते तेथी?"

त्याला काही कळेना. "म्हंजे?"

"अरे, तू शनवारी येऊन रिकाम्या खोलीत तोंड पाडून बसे. तुया उकंडाकाकाले पाहवलं नाई. त्यानं घरोघरी सांगतलं, आपल्या पोराचं काम आहे, जाऊन बसत जा. भाव त आमाले बाजारातच समजे."

"पन तुमी त भाव इचारत होत्या!"

"काही ना काही इचारत जा, असंही उकंडाकाकानंच सांगतलं होतं."

धम्मरत्न ओट्यावरच बसला. चिडावं की रडावं, त्याला समजेना. गावाने आपल्याला फसवलं म्हणावं, तर एवढी माया कुणी केली होती? आणि माया म्हणावं, तर दोनशे पेपरांत तिकडे नेमका कशाचा दाखला दिला जात होता? सिद्धान्त उकंडाकाकाचा निघाला, आणि काकाला सही करण्यापलीकडे लिहिता येत नव्हतं. मुलाखतीत काय सांगायचं, ब्राझीलच्या बाईंना काय दाखवायचं?

"मंगळवारी एक बाई येऊन राह्यली," तो शेवटी म्हणाला. "तुमाले इचारन."

रुखमाबाईचा चेहरा खुलला. "येऊ दे ना! आमी साऱ्याजनी येऊन बसतो."

"नाई मावशी. या टायमाले जे खरं असन तेच सांगजा."

"खरं सांगतलं त तुयं काम होईन का?"

"माहीत नाई," तो म्हणाला.

रुखमाबाईने सूप खाली ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मंग घरी जाऊन बरोबर इचार कर बापा. काय खरं सांगाचं ते ठरव अन् मले कळव. आमी तसंच सांगू."