स्वयंपाकघराच्या खिडकीतला कूलर

गेल्या वर्षी नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, सासूबाई पोळ्या लाटता लाटता ओट्यापाशीच खाली बसल्या. भर दुपार होती. बैठकीत पाहुणे आलेले, सासरे आणि माझा नवरा त्यांच्याबरोबर कूलरसमोर गप्पा मारत होते. मी आईंना धरून कूलरपुढे आणलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडताच त्या म्हणाल्या, "तव्यावरची पोळी करपली असेल, बघ."

तेव्हा मी जाऊन पोळी उतरवली. पण यंदा होळी झाली, कूलर उतरवून साफ करायचे दिवस आले, आणि मी मनाशी ठरवूनच टाकलं. टाकीचा गंज खरवडला, आतून डांबर फासलं, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या बसवल्या. मग जेवताना सगळ्यांना सांगितलं, "या वर्षी कूलर स्वयंपाकघराच्या खिडकीत लागणार."

सासरे रांझीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा घास हातातच राहिला. "काहून? आम्ही बैठकीत उकडून निघायचं का?"

"पंखा आहे ना, बाबा."

"आपण एक छोटा कूलर घेऊ की नंतर," नवरा म्हणाला.

"तुझं नंतर म्हणजे पावसाळ्यात," मी म्हटलं.

खिडकीबाहेर लोखंडी स्टँड लावायला आलेला मिस्त्रीही हसला. "दीदी, रसोई में कूलर कौन लगाता है?"

"हम लगा रहे हैं, भैया. आप स्टँड कसो."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. कूलर सुरू केला आणि गॅसची ज्योत आडवी होऊन विझली. मी झटकन गॅसचं बटण बंद केलं. आई घाबरून म्हणाल्या, "काढून टाक पोरी. इतके उन्हाळे निघाले, हाही निघेल."

"नाही आई. कूलर इथंच राहील."

माझा आवाज जरा चढलाच. गॅस निघून जाईपर्यंत दारं उघडी ठेवली. मग कूलरच्या समोरच्या पट्ट्या वर वळवल्या, म्हणजे वारा डोक्यावरून जाईल. पुन्हा शेगडी पेटवली. ज्योत विझली नाही, पण फडफडत राहिली. भाताला वेळ लागला असता. पुढे काय करावं ते मला सुचेना.

सासरे दारात उभे राहून सगळं बघत होते. ते मागच्या अंगणात गेले आणि एक जुना पत्रा आणि कात्री घेऊन आले. "सूनबाई, शेगडीचं माप घे."

आम्ही दोघांनी मिळून पत्रा कापला, कडा ठोकून बोथट केल्या आणि शेगडीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभा राहील असा आडोसा केला. कूलरच्या पट्ट्या पुन्हा खाली वळवल्या, तरी ज्योत सरळच राहिली. आईंनी तवा ठेवला, पोळी टाकली, ती टम्म फुगली. त्या बराच वेळ खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मानेवर वारा घेत होत्या. मला फार बरं वाटलं.

मे महिन्यात मदन महलच्या टेकडीचे दगड तापले की आमच्या घराच्या भिंतींनाही हात लावता येत नाही. तशा एका सकाळी सासरे खुर्ची उचलून, पेपर घेऊन थेट स्वयंपाकघरात येऊन बसले.

"इथं काहून बसून राहिले?" आईंनी विचारलं.

"तिकडं लई गरम होऊन राहिलं."

आईंनी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि मांडीवर लसणाची टोपली ठेवली. "मग हे सोला."

त्यांनी चष्मा नीट केला आणि सोलायला घेतलं.